स्नो स्कूटर दरवेळी रुततेय? ट्रॅक बदलण्याआधी खड्डा बघा

डिसेंबर लागला की आमच्या गॅरेजवर दोन तऱ्हेचे फोन येतात. एक इथलाच, कोरेगाव-रहिमतपूरच्या बाजूचा: "ट्रॉली फडात रुतलीया, काय करू?" दुसरा गुलमर्गहून, भाच्याचा: "मामा, मशीन परत बसलं." एकाला काळ्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढायची असते, दुसऱ्याला भुसभुशीत बर्फातून स्नो स्कूटर, म्हणजे पुढं दोन स्की आणि मागं चाकांऐवजी फिरणारा रबरी पट्टा, ट्रॅक, असलेली बर्फातली गाडी. गंमत म्हणजे दोघांनीही उत्तर आधीच ठरवलेलं असतं. इथल्याला मोठे टायर हवे असतात आणि भाच्याला लांब ट्रॅक.

मी ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं बर्फातल्या गाड्यांखाली आडवं पडून गेली. आता साताऱ्यात ट्रॅक्टर दुरुस्त करतो. भाचा आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकला आणि हिवाळ्यात गुलमर्गला चार मशिनं सांभाळतो. तीन पर्यटकांना फिरवायची, चौथं सामान वर न्यायचं. तिसरा हिवाळा झाला, प्रश्न तोच येतोय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

पहिल्या फोनवर मी त्याला एकच विचारलं, "खड्डा कसा पडलाय?"

"मामा, खड्डा खड्ड्यासारखा."

म्हटलं, फोटो पाठव. वरून नको, गुडघ्यावर बसून बाजूनं काढ. आणि मशीन ओढून काढायच्या आधी काढ, नंतरच्या खड्ड्याला काही अर्थ नसतो.

फोटो आला. पुढच्या दोन्ही स्की बर्फावर अगदी मोकळ्या, नुसत्या टेकल्यासारख्या. बंपर हातभर वर. मागचा भाग मात्र सीटपर्यंत आत, आणि ट्रॅकमागच्या चराचा तळ काचेसारखा गुळगुळीत, निळसर. तो तळ बघितला आणि लांबीचा विषय तिथंच संपला. एका जागी उभं राहून अंगठ्यानं थ्रॉटल, म्हणजे रेस, दाबून धरला की असा तळ पडतो. ट्रॅक बर्फ मागं फेकत राहतो, खालचा थर घासून पार घट्ट होतो, आणि मशीन स्वतःची विहीर स्वतःच खणतं. भातखाचरात रुतलेल्या ट्रॅक्टरवर नवा ड्रायव्हर हेच करतो. चाक फिरतंय ना, मग निघेलच, असं त्याला वाटत असतं.

खड्डे चार तऱ्हेचे

पहिला हाच, नाक वर आणि शेपूट खोल. याला कारणं तीन-चार. थ्रॉटल एकदम देणं हे सगळ्यात मोठं. त्याखालोखाल मागच्या रॅकवरचं सामान. तिसरं, मागचं सस्पेन्शन बसलेलं असणं. स्प्रिंग जुनी झाली किंवा तिचा ताण कमी ठेवला की रिकामं मशीनसुद्धा ढुंगणावर बसतं. चौथं कारण म्हणजे लिमिटर स्ट्रॅप जास्त सैल सोडलेली असणं. ही स्ट्रॅप ट्रॅकच्या आतल्या रेलचं पुढचं टोक किती खाली सुटावं ते धरून ठेवते. ती एक भोक आवळली तर स्कीवर भार येतो आणि चढावर नाक कमी उचलतं. पाना लावून दहा मिनिटांचं काम आहे. ट्रॅकच्या किमतीशी तुलना करून बघा.

दुसरा खड्डा नेमका उलटा. स्की बर्फात गाडलेल्या, मशीन नाकावर. इथं मागं कितीही लांब ट्रॅक घातला तरी उपयोग नाही, उलट लांब ट्रॅक मागून ढकलून नाक आणखी आत घालील. स्ट्रॅप फार आवळलेली आहे का, आणि खोल बर्फासाठी स्की अरुंद तर नाहीत ना, हे बघायचं.

तिसऱ्यात खड्डाच नसतो. मशीन नीट निघतं, थोडं जातं, हळूहळू दम सोडतं आणि थांबतं. मागं उथळ, सरळ चर. म्हणजे ट्रॅकला पकड आहे, पण त्याच्यापर्यंत जोर पोचत नाही. याबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण भाच्याच्या पर्यटकांच्या तीन मशिनांपैकी दोघांचं दुखणं हेच निघालं.

चौथा खड्डा लांबीवाल्यांचा. मशीन सपाट, पाण्यात होडी टेकावी तसं, पुढून-मागून सारखंच खाली गेलेलं असतं. पाय ठेवायच्या फळ्या बर्फावर टेकलेल्या आणि पोटाखाली बर्फ दाबलेला. ट्रॅकनं फारसं खणलेलंही नसतं. वजन जास्त आणि टेकायला जागा कमी, एवढाच त्याचा अर्थ. असा फोटो आला तरच मी लांबी-रुंदीचं बोलायला तयार होतो.

कुठल्याही खड्ड्यातून बाहेर पडताना घाई करू नका. इंजिन बंद करा, ट्रॅकमागं कुणाला उभं राहू देऊ नका, आणि पुढचा बर्फ पायानं तुडवून वाट करा. तुडवलेला बर्फ लगेच वापरायचा नाही. पाच-दहा मिनिटं दिलीत की त्याचे कण एकमेकांना धरतात आणि तो आवळतो. मग एक स्की धरून तोंड उताराकडं वळवा आणि थोड्याच थ्रॉटलवर काढा. त्या दहा मिनिटांत चहा पिऊन होतो.

"बेल्ट घसरतोय"

दुसऱ्या वर्षी फोन आला: "मामा, बेल्ट घसरतोय, लांब बेल्ट टाकू का?" मी तासभर ट्रॅकचा ताण, रेल, चाकं याबद्दल सांगत बसलो. शेवटी त्यानंच विचारलं, "पण ह्याचं आणि वासाचं काय?" कसला वास? तर जळक्या रबराचा, बॉनेटखालून. तो क्लचवरच्या ड्राइव्ह बेल्टबद्दल बोलत होता आणि मी खालच्या ट्रॅकबद्दल. तेव्हापासून आमच्यात नियम ठरला: खालच्याला ट्रॅक म्हणायचं, वरच्याला बेल्ट.

इंजिन थंड झाल्यावर झाकण उघडायला लावलं. आतून काळी भुकटी पडली. बेल्टच्या दोन्ही कडा आरशासारख्या चकचकीत झालेल्या, एका जागी रबर जळून खोलगट. हे लक्षण स्पष्ट असतं: बेल्ट एका ठिकाणी उभा राहून घासला गेलाय. असा बेल्ट बदलायचाच. पण नुसता बदलून भागत नाही. क्लचच्या दोन्ही चकत्यांचे पृष्ठभाग पुसून, बारीक घासून साफ करावे लागतात. नाहीतर नवा बेल्टही आठवड्यात तसाच होतो. बेल्टची रुंदीही मोजा. मॅन्युअलमध्ये कमीत कमी माप दिलेलं असतं आणि त्याखाली गेला की तो दिसायला चांगला असला तरी बाद.

दुसऱ्या मशीनचा बेल्ट ठीक होता, पण ते आर. पी. एम. घेत नव्हतं. इथं उंचीचा हिशोब येतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. महाबळेश्वर १३७२ मीटरवर आहे. गुलमर्ग २६५० मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास दुप्पट उंचीवर. तिथं इंजिनाची पाव ताकद हवेतच जाते. त्यात ते मशीन कार्ब्युरेटरचं आणि त्याचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, मैदानी उंचीचा. हवा विरळ आणि पेट्रोल तेवढंच, त्यामुळं मिश्रण जाड होऊन स्पार्क प्लग काळे पडले होते. जेट लहान केला, क्लचमधली वजनं त्या उंचीला साजेशी हलकी केली. मशीन पुन्हा बसलं नाही. याच मशीनला त्यानं लांब ट्रॅक घातला असता तर? जास्त रबर फिरवायला जास्त ताकद लागते. तीच नव्हती.

पोरं हे ऐकत नाहीत, कारण ट्रॅक डोळ्यांना दिसतो आणि जेट दिसत नाही.

तीन किरकोळ कारणं, पण रोजची

रात्री मशीन उघड्यावर राहिलं की सस्पेन्शनमध्ये आणि ट्रॅकच्या आत बर्फ गोठतो. किलोंनी वजन वाढतं आणि सकाळी चाकं जाम. संध्याकाळी मशीन तुडवलेल्या, कडक जागेवर उभं करा, मागचा भाग उचलून बर्फ झटका.

ट्रॅकचा ताण. मागचा भाग उचलायचा, ट्रॅकच्या खालच्या पट्टीच्या मध्यावर ठराविक वजन टांगायचं आणि किती लोंबतं ते मोजायचं. वजन किती आणि लोंब किती, दोन्ही त्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतं. सैल ट्रॅक जोर लावला की पुढच्या चक्राच्या दातांवरून उड्या मारतो, टकटक आवाज येतो. आवळलेला ट्रॅक ताकद खातो आणि रेलखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, म्हणजे स्लायडर, झिजवतो. ट्रॅक एका बाजूला सरकला असेल तर ज्या बाजूला तो रेलला चिकटून चाललाय त्या बाजूचा ताणाचा बोल्ट थोडा आवळायचा. ट्रॅक सैल बाजूकडं पळतो, हे डोक्यात ठेवलं की उलटसुलट होत नाही.

तिसरं कारण म्हणजे बर्फाचा वाफसा. शब्द माझा आहे, पण शेतकऱ्याला लगेच कळेल. रानाला वाफसा येईपर्यंत आपण औत घालत नाही. बर्फाचंही तसंच. ताजा, कोरडा बर्फ हलका असतो आणि त्यात मशीन खोल जातं. सकाळी वर पापुद्रा धरलेला असतो, त्यावरून ते तरंगत जातं. दुपारी उन्हानं तोच पापुद्रा मऊ पडतो आणि सकाळी जिथून गेलात तिथंच बसता. मशीन तेच, ट्रॅक तोच.

आता लांबीचं

ट्रॅकवर तीन आकडे असतात, समजा १५५ × १५ × २.५. इंचात. पहिला म्हणजे ट्रॅकचा पूर्ण घेर. इथंच पहिला घोळ होतो, कारण १५५ इंच ट्रॅक १५५ इंच जमिनीला टेकत नाही. निम्मा वर असतो, पुढचा भाग चक्राकडं चढत जातो, आणि टेकतो तो निम्म्याहूनही कमी. घेर दहा इंच वाढवला तर टेकणारी लांबी पाचच इंच वाढते. दुसरा आकडा रुंदी. तिसरा लगची उंची, म्हणजे ट्रॅकवरच्या रबरी दातांची.

हिशोब करून बघू. मशीन २४० किलो, चालवणारा ८०, एकूण ३२०. टेकणारी लांबी ६० इंच धरा आणि रुंदी १५. जागा झाली ९०० चौरस इंच. स्की थोडा भार घेतात तो सोडला तर प्रत्येक चौरस इंचावर साडेतीनशे ग्रॅम. तोच माणूस उतरून एका पायावर उभा राहिला तर बुटाखाली साधारण ४० चौरस इंच, म्हणजे इंचाला दोन किलो. म्हणून मशीन वर राहतं आणि मदतीला उतरलेला माणूस मांडीपर्यंत आत जातो.

आता घेर दहा इंच वाढवा. पाच गुणिले पंधरा, ७५ चौरस इंच वाढले. आठ टक्के. रुंदी १५ ची १६ केली तर ६० वाढतात. रुंदी २० असेल तर ३००, म्हणजे थेट तिसरा हिस्सा जास्त. आणि मागं ७० किलोचा पर्यटक बसवला की वजन बावीस टक्क्यांनी वाढलं. दहा इंच लांबीनं जे मिळवलं त्याच्या जवळपास तिप्पट एका माणसानं खाल्लं. भाच्याला हा हिशोब कागदावर करून पाठवला. त्यावर तो दोन दिवस काही बोलला नाही.

मग सगळे रुंदच का घेत नाहीत? डोंगराच्या कुशीतून आडवं जाताना मशीन चढाच्या बाजूला कलंडून एका कडेवर चालवावं लागतं. १५-१६ इंची ट्रॅक सहज कलतो, २० किंवा २४ इंची सपाट राहायला बघतो आणि उताराकडं घसरतो. म्हणून डोंगरी मशिनं अरुंद आणि लांब असतात, सामानाची आणि बचावकार्याची मशिनं रुंद.

ढोबळमानानं सांगायचं तर १२० ते १३७ इंच घेर तुडवलेल्या वाटेसाठी. १३७ ते १४६ थोडं इकडं थोडं तिकडं. १४६ ते १५५ डोंगरात, झाडांमधून वळणं घेत जाणाऱ्यांसाठी आणि हलक्या चालकांसाठी. १६३-१६५ खोल बर्फात रोज जाणाऱ्यांसाठी. १७४-१७५ भारी माणूस, उभा चढ आणि कमरेएवढा ताजा बर्फ, या तिन्हींतलं निदान दोन असेल तरच. लांब ट्रॅक सरळ चढतो झकास, पण वळताना स्की वळतात आणि मशीन सरळच जात राहतं. अरुंद ओढ्यात १६३ वळवताना मला एकदा चौघांना बोलवावं लागलं होतं.

लगचंही तसंच. तीन इंची लग दिसायला रुबाबदार, पण तुडवलेल्या कडक वाटेवर तो नुसता वाकतो, तापतो, फाटतो. शिवाय पाण्यानं थंड होणाऱ्या मशीनचा रेडिएटर ट्रॅकच्या वर बोगद्यात, म्हणजे सीटखालच्या ट्रॅक झाकणाऱ्या पत्र्याच्या पोकळीत, असतो आणि ट्रॅकनं उडवलेल्या बर्फावरच थंड होतो. स्लायडरलाही त्याच बर्फाचं वंगण. कडक वाटेवर बर्फ उडालाच नाही की एकीकडं इंजिन तापतं, दुसरीकडं प्लॅस्टिक वितळतं. पर्यटकांच्या फेऱ्या बहुतेक तुडवलेल्या वाटेवरच असतात. त्यांना दीड-पावणेदोन इंच पुष्कळ. अडीच ते तीन इंच खोल बर्फासाठी ठेवा.

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. लांब ट्रॅक तुम्हाला अशा उतारांवर पोचवतो जिथं आधी पोचता येत नव्हतं. हिमस्खलनं जास्त करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. मशीन चढतंय म्हणून चढायचं नाही.

पिच न बघता घेतलेला ट्रॅक

गेल्या वर्षी भाच्यानं मला न विचारता सामानाच्या मशीनसाठी जुना ट्रॅक विकत घेतला. विकणाऱ्यानं सांगितलं, "१५३ आहे, बसेल." बसवला, मागचा भाग स्टँडवर उचलला, हळूच फिरवला. खडखड, खडखड. मला फोनवर नुसता तो आवाज ऐकवला.

म्हटलं, खडूनं एका ओळीवर खूण कर आणि पूर्ण फेरी होईपर्यंत लगच्या ओळी मोज. मोजल्या, ५१. एकशे त्रेपन्न भागिले एक्कावन्न, बरोबर ३. म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, पिच, ३ इंच. आता जुना ट्रॅक मोज. त्याच्याही ५१ ओळी, पण तो १४६ चा. पिच २.८६. पुढचं चक्र २.८६ साठी कापलेलं, त्यावर ३ चा ट्रॅक कसा बसणार? चेन एका पिचची आणि स्प्रॉकेट दुसऱ्या पिचचं, असं कुणी सायकललाही लावत नाही. चक्राचे दोन-तीन दात सोलले गेले होते, वेळीच थांबला म्हणून तेवढ्यावर भागलं. पैसे गेले ते गेले. विकणारा फोन उचलत नाही.

बाजारात २.५२, २.८६, ३ आणि ३.५ हे पिच भेटतात. १२१, १५४ असे विचित्र आकडे का असतात तेही यातूनच कळतं: २.५२ गुणिले ४८ म्हणजे १२१, २.८६ गुणिले ५४ म्हणजे १५४. ट्रॅक पूर्ण ओळींचाच बनतो, आकडा जो येईल तो. नवा ट्रॅक घेताना पिच तोच ठेवा किंवा चक्रंही बदला. लांब ट्रॅकला रेलही लांब लागतात किंवा त्यांना जोड द्यावा लागतो. बोगदा मागं पुरतो का ते बघा. आणि लग उंच घेणार असाल तर पुढच्या वळणावर बोगद्याच्या आणि रेडिएटरच्या खाली बोट घालून जागा मोजा, इंजिन बंद आणि किल्ली खिशात ठेवूनच.

या डिसेंबरात त्याच सामानाच्या मशीनचा फोटो आला. बाजूनं काढलेला, गुडघ्यावर बसून. मशीन सपाट, फळ्या बर्फाला टेकलेल्या, ट्रॅकमागं जेमतेम चर. चौथा खड्डा. जेट, बेल्ट, ताण, स्ट्रॅप सगळं त्यानं आधीच तपासून कळवलं होतं. रॅकवरचं सामान मागच्या ओढ-स्लेजवर टाकून झालं, तरी ताज्या बर्फाच्या दिवशी बसतंच. मग मीच म्हटलं, आता लांबी वाढव. २.८६ पिच, ५४ ओळी, घेर १५४, लग दोन इंच, सोबत तेवढ्या लांबीचे रेल. ६० च्या जागी साधारण ६४ इंच टेकेल. सात टक्के मिळतील, जास्त नाही, हेही सांगितलं.

पार्सल जानेवारीत पोचेल म्हणतात. त्याला बजावून ठेवलंय, सही करायच्या आधी खोका फोड आणि ओळी मोज. चोपन्न.